डाव्या बाजूचं पाणी

गाडीले काय झालं ते गाडीच सांगते. मालकाचं ऐकू नये अन डायवरचं तर मुळीच ऐकू नये. अमरावतीतल्या माह्या गॅरेजात मी वर्षानुवर्षं हेच सगळ्याईले ऐकवत आलो. डायवरनं गेर तोडला तरी तो म्हणते, आपोआप तुटला. माहं नाव मोतीराम. लढाईच्या काळात मिलिटरीच्या वर्कशॉपात होतो, क्वेट्ट्याकडं. तिथून काम शिकून आलो अन राजापेठेत पत्र्याचं शेड टाकून बसलो. हात चांगला पण तोंड खराब, असं गिऱ्हाइकं म्हणत. दोन्ही खरं होतं.

महादेवराव दर्यापूरचे. काळं वावर पुष्कळ, कापूस गंज, अन सत्तावन साली त्याईनं गाडी घेतली. एका मिलिटरी साहेबाची, थंड मुलखात वापरलेली, लांब नाकाची हिरवी अमेरिकन गाडी, पण स्टेरिंग उजवीकडं. तिच्यात डाव्या बाजूले, पुढं बसणाऱ्याच्या गुडघ्यासमोर, पत्र्याचा एक गोल डबा होता. त्याले दोन झाकण्या अन एक बटण. तो हीटर. इंजिनचं गरम पाणी नळीनं त्या डब्यातल्या जाळीत येते, फिरून परत जाते, अन थंडीत बसणाऱ्याले ऊब लागते. वऱ्हाडात त्याचं काय काम? मे महिन्यात आमच्याकडं माणूस स्वतःच हीटर होऊन फिरते. महादेवरावले तो रेडिओ वाटला. दोन महिने बटण फिरवून पाहिलं, मंग नाद सोडला. त्याईच्या बायकोनं, दुर्गाबाईनं, त्या डब्याच्या खिट्टीले छागल अडकवली. छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी. ती झिरपत राहते, म्हणून आतलं पाणी थंडगार राहते. हीटरचा वऱ्हाडात तेवढाच उपयोग झाला.

गाडी चालवे धर्मपाल. तिशीतला, बारक्या अंगाचा, बोलणं कमी. छप्पन साली नागपूरले जाऊन बुद्धाचा धर्म घेऊन आला, तवा हे नाव घेतलं. महादेवरावच्या घरी नवं नाव कोनाच्या तोंडात बसत नव्हतं अन जुन्या नावाले तो ओ देत नव्हता, म्हणून सगळे त्याले डायवर म्हणत. गाडी त्याच्या हाती, गाडीत बसलेल्याईचे जीव त्याच्या हाती, पण छागलीले त्यानं हात लावाचा नाई. दुर्गाबाईचा तसा नियम होता. त्यावर कोनी भांडलं नाई. मी बी नाई. माही गाडी नव्हती अन माही छागल नव्हती.

एकोणसाठच्या एप्रिलात धर्मपाल गाडी घेऊन आला. म्हणे, "मिस्त्री, पाणी कमी होते. सकाळी काठोकाठ भरतो. दर्यापूर ते अमरावती तीस मैल. इथं येऊन पाहतो तर तीन लोटे कमी."

मी पाहिलं. रेडिएटर खालून कोरडा. होज पाइप कोरडे. वॉटर पंपाच्या बुडाशी बोट फिरवलं, कोरडं. तेलात पाणी नाई, धुरात वाफ नाई. पाणी भरून अर्धा घंटा इंजिन चालू ठेवलं. थेंब कमी झाला नाई. हीटरच्या दोन नळ्या इंजिनातून आत गेलेल्या दिसल्या. वरच्या नळीले पाणी अडवाची टोंटी होती, ती बंद होती, गंजून चिकटून गेलेली. टोंटी बंद म्हणजे हीटरले पाणी जात नाई, असं मी धरलं अन बॉनेट लावलं.

"गाडी ठणठणीत हाये," मी म्हटलं. "उन्हाचं पाणी उडते. भरत जा."

मे महिन्यात तो परत आला. या वेळी बॉनेट उघडलं नाई त्यानं. डावं दार उघडलं.

"ही चटई ओली राहते, मिस्त्री."

"वर छागल लटकली नाई का? मंग कोरडी राहीन का ते?"

"पाणी कोमट लागते."

"मे महिना हाये बाप्पा. विहिरीचं बी कोमट लागते."

त्यानं चटई बोटानं दाबून पाहिली. मंग म्हणे, "एक दिवस छागल काढून पाहू. छागलीशिवाय गाडी दर्यापुराहून इथं आणतो. चटई कोरडी राहिली तर छागल. ओली झाली तर मंग गाडीतच काही हाये."

"तर काढ न. मले काहून सांगून राहिला?"

"मले हात लावता येत नाई. तुमाले माहीत हाये. तुमी मालकाजवळ एक शब्द टाका. तुमचं ऐकतात ते."

राजेहो, ते काम एका शब्दाचं होतं. पण मले राग आला. मी म्हटलं, "मी मिस्त्री हाये. लोकाईच्या घरच्या बाईनं काय लटकवावं अन काय नाई, हे सांगाचा माहा धंदा नाई. नाचता येत नाई त्याले अंगण वाकडं. तू पाणी नीट भरत जा."

तो "बरं" म्हणून गेला. त्यानं सांगतलेली परीक्षा बरोबर होती. ती मिस्त्रीले सुचाले पाहिजे होती अन डायवरले सुचली, म्हणून मले राग आला. तवा मले वाटलं, ऊन लागलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते झालं. महादेवरावची पोरगी जमुना पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सकाळी तिचं अडलं. सुईण म्हणे, अमरावतीच्या दवाखान्यात न्या, वेळ करू नका. मागच्या सीटवर जमुना अन दुर्गाबाई, पुढं महादेवराव. धर्मपालनं गाडी काढली.

वलगाव चार मैल राहिलं तवा गाडी तापली अन बंद पडली. दुपारचे बारा. धर्मपालनं झाकण उघडलं, आत पाणी नाई. दुर्गाबाईनं छागल काढून स्वतः त्यात ओतली. भरलेली होती छागल. त्यानं गाडी पुढं दोन मैल गेली अन परत बंद पडली. धर्मपाल डबा घेऊन पळाला. वावरातून अर्ध्या कोसावर गाव होतं. तिथं विहीर होती, पण तिच्यावर त्याले डबा टाकू देणार नव्हते. कोनी बाई येऊन ओतून देईपर्यंत तो उभा राहिला. किती वेळ, ते त्यालेही सांगता आलं नाई. पाणी आणून गाडी चालू करेपर्यंत दीड घंटा गेला. जमुना वाचली. बाळ मेलेलं निघालं. पोरगा होता.

मले हे सांगतलं महादेवरावनं, आठ दिवसांनी, बैलजोडी लावून गाडी माह्या दारात आणली तवा. दवाखान्यातून परत जाताना ती वलगावलेच बसली होती. धर्मपाल मागून चालत आला. महादेवराव म्हणे, "मिस्त्री, एकच सांग. गाडीत खोट हाये का डायवरमंदी?"

मी हेड उघडलं. गास्केट जळलं होतं. बिनपाण्याची गाडी चालली की जळतेच. नवं टाकलं, हेड घासून बसवलं, पाणी भरलं, घंटाभर इंजिन चालवलं. महादेवराव स्टुलावर बसून. धर्मपाल दाराशी उभा. पाणी तसूभर हललं नाई. छागल अजून त्या खिट्टीले रिकामी लटकली होती. चटई कोरडी. मी सगळं पाहिलं अन काहीच पाहिलं नाई.

"गळत नाई," मी म्हटलं. "सकाळी पाणी भरलं नसन."

धर्मपाल म्हणे, "भरलं होतं. काठोकाठ."

"मंग गेलं कुठं? पाखरू होऊन उडालं?"

त्यानं माह्याकडं पाहिलं. मंग स्वतःच्या हाताकडं पाहिलं. महादेवरावनं हात पुढं केला, त्यानं गाडीची चावी त्या हातावर ठेवली अन निघून गेला. भांडला नाई. मले तर तवा बरंच वाटलं, की निकाल लागला अन गाडी दारातून हलली.

डायवर लोकाईचं जग बारीक असते. दर्यापुरात बोललेलं सांजेले अकोल्याच्या मोटारस्टँडवर पोचते. धर्मपालले कोनी गाडी दिली नाई. "पाणी न भरणारा" असं नाव पडलं त्याले. मी ते दोनतीनदा ऐकलं, चहा पेता पेता. मी काही म्हटलं नाई. माहंच वाक्य होतं ते, फिरून माह्याजवळ आलं होतं.

नोव्हेंबरात महादेवराव गाडी घेऊन आले. डायवर ठेवला नव्हता, स्वतःच चालवू लागले होते. खाली उतरले अन म्हणे, "मिस्त्री, पाणी कमी होते."

मी म्हटलं, "भरता का रोज?"

"स्वतः भरतो. त्या दिवसापासून दुसऱ्या कोनाले बॉनेट उघडू देत नाई. अन चटई बी ओली होते."

मी डावं दार उघडलं. चटई ओली होती. वर पाहिलं तर खिट्टी रिकामी.

"छागल कुठं हाये?"

"ती कवाच काढली. तुह्याकडून गाडी घरी आली त्याच दिवशी बाईनं चुलीत घातली. मंग गड्यानं नवी लटकवली होती, ते बी काढाले लावली. म्हणे, ते डोळ्यासमोर नको."

म्हणजे पाच महिने गाडीत छागल नव्हती. अन चटई ओली होती.

मी म्हटलं, "चाला, वलगावपर्यंत जाऊन येऊ." ते चालवाले बसले, मी डाव्या बाजूले. चप्पल काढून पाय चटईवर ठेवले. दोन मैल काही नाई. गाडीनं वेग धरला, इंजिन गरम झालं, अन चौथ्या मैलाले माह्या डाव्या पायाच्या बोटाईले ओल लागली. ते पाणी थंड नव्हतं. नोव्हेंबरातली सकाळ, हवा गार, अन पाणी कोमट. न्हाणीत काढून ठेवलेल्या पाण्यासारखं. मी पाय उचलला नाई. वलगाव येईपर्यंत तसाच ठेवला.

गॅरेजात येऊन गोल डबा सोडला. खाली हिरव्या गंजाची एक रेघ होती, डब्याच्या बुडापासून चटईपर्यंत. आतली जाळी काढली, एक नळी बुचानं बंद केली, दुसरीतून सायकलच्या पंपानं हवा मारली अन पाण्याच्या टाकीत बुडवली. शिवणीतून बुडबुडे निघाले. सुईच्या टोकाएवढं भोक. गाडी उभी असली की त्यातून काही येत नसे. गाडी पळाली, पंपानं जोर केला, पाणी तापलं, की तिथून येई. अन टोंटी? टोंटी वरच्या नळीले होती. खालची नळी थेट पंपाले जोडलेली, तिले टोंटीच नाई. एक दार लावून दुसरं उघडं ठेवलेलं घर होतं ते. मी क्वेट्ट्यात असे पन्नास हीटर पाहिले होते. मले माहीत असाले पाहिजे होतं. माहीत होतंच. फक्त इथं कोनी हीटर लावत नाई, म्हणून तो माह्या लेखी नव्हताच.

दुरुस्ती वीस मिनटाची. जाळी काढून टाकली, दोन्ही नळ्या एकमेकीले पितळी तुकड्यानं जोडल्या, दोन क्लिपा आवळल्या. आता पाणी डब्याकडं जाणारच नव्हतं. वलगावपर्यंत परत जाऊन आलो. चटई कोरडी, पाणी काठोकाठ. बैल गेला अन झोपा केला, म्हणतात ते हेच.

महादेवराव स्टुलावर बसले होते. त्याच स्टुलावर. म्हणे, "हे आधीपासून होतं?"

"होतं."

"जूनमंदी?"

"एप्रिलमंदी बी."

"मंग धर्मपालनं पाणी भरलं होतं."

"भरलं होतं."

महादेवरावनं सोडलेल्या डब्याकडं पाहिलं. मंग स्वतःशीच म्हणे, "मंग तो घरी येऊन तसं काहून बोलला..." अन थांबले. उठले. दारापाशी जाऊन म्हणे, "मिस्त्री, घरी हे उकरून काढू नको. पोरगी आत्ता कुठं दोन घास जेवू लागली."

मी मान हलवली. गाडी गेली. मी हात धुतले. मले काहीतरी व्हाले पाहिजे होतं, असं वाटत राहिलं, रडू यावं का छातीत कळ यावी. काही झालं नाई. जेवलो. दुसऱ्या गाडीचं काम केलं. चार दिवस असेच गेले. अंगाले चिमटा घ्यावा अन लागू नये, तसं. पाचव्या दिवशी शेडले कुलूप लावलं अन अकोल्याची मोटार धरली, कारण धर्मपाल तिथं असते असं ऐकलं होतं.

तो एका जिनात कापसाच्या गाठी वाहत होता. सुट्टी झाली तवा भेटला. मिशीत, भुवयात कापूस. मले पाहून दचकला नाई. म्हणे, "या मिस्त्री. घरी चाला."

रेल्वे लाइनीपलीकडं एक खोली. त्याची बायको चतुराबाईनं पाणी दिलं, चहा ठेवला. मी पेलो अन मंग सांगतलं. सगळं सांगतलं, बुडबुडे, खालची नळी, टोंटी. तो मिस्त्रीसारखे प्रश्न विचारत राहिला. भोक कोणत्या बाजूले होतं? गाडी उभी असली की का येत नव्हतं? मी एकेक उत्तर दिलं. तो मान हलवत राहिला, दुसऱ्याच्या गाडीबद्दल ऐकत असल्यासारखा.

मंग म्हणे, "मी त्या सकाळी पाणी भरलं होतं का नाई, ते मले आता आठवत नाई."

"भरलं होतं. तूच तर सांगतलं."

"तवा आठवत होतं. मंग तुमी म्हटलं, गळत नाई. तुमी मिस्त्री. तुमचा शब्द पक्का. मंग माहीच चूक असन. मी ती बादली डोक्यात रोज उचलून पाहतो. कधी भरलेली दिसते, कधी रिकामी." त्यानं चहाची बशी खाली ठेवली. "भादव्यात मी दर्यापूरले गेलो. मालक वावरात होते. जमुनाताई ओसरीत बसली होती, भिंतीकडं तोंड करून. मी अंगणात उभं राहून कबूल केलं. म्हटलं, ताई, मी पाणी भरलं नव्हतं. माह्या हातानं झालं."

जे त्यानं केलंच नव्हतं, ते त्यानं माह्या एका वाक्यापायी कबूल केलं होतं.

"तिनं मान फिरवली," तो म्हणे. "म्हणे, बरं झालं सांगतलं, आजपर्यंत कोनी सांगतच नव्हतं. त्या दिवशी ती जेवली. झोपाले लागली, असं त्याईच्या गड्यानं मले सांगतलं. आता तुमी जाऊन तिले काय सांगता? राहू द्या. मले सवय झाली."

"तुले झाली," चतुराबाई म्हणे. चुलीकडं तोंड होतं तिचं, आवाज चढला नाई. "माह्या पोरीले नाई झाली. दर्यापूरची शाळा सोडून इथं आणली तिले, तर इथं बी एका डायवरच्या पोरानं वर्गात सांगतलं, हिच्या बापानं बाळ मारलं. ती घरी येऊन मले विचारते, खरं हाये का. मी काय सांगू? तिचा बाप सांगते, आठवत नाई." मंग ती माह्याकडं वळली. "मिस्त्री, दुसऱ्याची झोप आमी किती दिवस राखाची? जिथं जिथं ते नाव गेलं, तिथं तिथं जा. तुमच्या तोंडानं गेलं, तुमच्याच तोंडानं परत आणा."

धर्मपाल म्हणे, "चतुरा, जाऊ दे."

"नाई जाऊ देत," ती म्हणे.

मी उठलो. धर्मपालले म्हटलं, "चाल माह्यासंगं." तो म्हणे, "मी नाई येत. मी एकदा जाऊन आलो."

अकोल्याच्या मोटारस्टँडवर मी चहाच्या टपरीपुढं उभा राहिलो. दहाबारा डायवर होते. मले सगळे ओळखत, माह्या शिव्या सगळ्याईनं खाल्लेल्या. मी म्हटलं, "ऐका. दर्यापूरच्या गाडीत खोट होती. हीटर गळत होता. धर्मपालनं दोनदा सांगतलं अन मी ऐकलं नाई. पाणी त्यानं भरलं होतं. जो आता दुसरं काही बोलीन, त्याची गाडी माह्या शेडमंदी येणार नाई." कोनी हसलं नाई. एक म्हातारा डायवर म्हणे, "हे तुमी आत्ता सांगून राहिले?" मी म्हटलं, हो, आत्ता.

दुसऱ्या दिवशी दर्यापूरच्या स्टँडवर तेच सांगतलं, तेवढ्याच शब्दात. मंग महादेवरावच्या घरी गेलो.

दुपारची वेळ. अंगणात गडी कापसाचे बोंडं निवडत होते. ओसरीत दुर्गाबाई सुपात डाळ घोळत होत्या. जमुना तिथंच खांबाले टेकून बसली होती. पोरगी अजून सासरी गेली नव्हती. महादेवराव मले पाहून आतून बाहेर आले, डोळ्यानं नको म्हटलं. मी थांबलो नाई. मले थांबता येत नव्हतं, अन धैर्य म्हणावं तर ते बी नव्हतं. दोनदा बोलून झालेलं वाक्य होतं, तिसऱ्यांदा आपोआप आलं. गड्याईसमोर, सगळ्याईसमोर सांगतलं. हीटर, नळी, कोमट पाणी. धर्मपालनं भरलं होतं. त्यानं कबूल केलं ते खोटं होतं, माह्या शब्दामुळं त्याले ते खरं वाटलं. अन एप्रिल-मे महिन्यातलं बी सांगतलं. म्हटलं, "त्यानं मले म्हटलं होतं, एक दिवस छागल काढून पाहू. त्याले हात लावता येत नव्हता. मी तुमाले सांगाचं, एवढंच काम होतं. मी सांगतलं नाई."

दुर्गाबाईचं सूप थांबलं. म्हणे, "मले सांगतलं असतं तर मी काढली असती."

त्याईनं सूप मांडीवर टेकवलं.

"एक दिवसाची तर गोष्ट," त्या म्हणे. "काढली असती मी. काहून नाई सांगतलं?"

तवा मले लाज वाटली. पाच महिन्यात पहिल्यांदा. इतकी, की पायाखालच्या जमिनीकडं बी पाहवेना. छागलीबद्दल कोनी विचारूच नये, असा दुर्गाबाईचा नियम होता, अन कोनी विचारलं नाई. त्याई सुपाकडं पाहत बसल्या, हात तसाच डाळीत.

महादेवराव ओसरीच्या पायरीवर बसले. गडी कामाले लागले, पण हळूहळू.

जमुनानं पदर नीट केला अन माह्याकडं पाहिलं. राग नव्हता तोंडावर. काहीच नव्हतं. म्हणे, "मी त्या माणसावर राग धरून बसली होती. तो आला अन म्हणे मी केलं. मले बरं वाटलं. आता तुमी म्हणता त्यानं केलं नाई."

"हो."

"मंग मी कोनावर राग धरू?"

"माह्यावर," मी म्हटलं.

तिनं जरा वेळ विचार केला. "नाव काय तुमचं?"

मी सांगतलं. ती म्हणे, "पुरं सांगा." मी बापाचं नाव, आडनाव, सगळं सांगतलं.

तिनं ते हळूच म्हणून पाहिलं. एकदा चुकलं. मंग बरोबर म्हटलं.